मानेचं माप

बायकोनं माझा शर्ट कापला, ते मी सहन केलं. पण त्या शर्टावर दुसऱ्या माणसानं केलेलं डोकं बसणार आहे हे कळलं, तेव्हा माझंच डोकं फिरलं.

शर्ट तसा जुनाच होता. निळ्या चौकड्यांचा, कॉलर विरलेली. पण सुट्टीच्या दिवशी घरी मी तोच घालायचो. दिवाळीच्या सुट्ट्या संपत आल्या होत्या, रविवार होता. आंघोळ करून दोरीवर शर्ट शोधू लागलो, तर तो सापडला शिलाई मशीनवर, आणि तोही वीतभर झालेला. दोन बाजूंना दोन इवलेसे हात, समोर माझीच काजपट्टी, तिच्यावर माझीच दोन बटणं, आणि गळ्याच्या जागी एक भोक.

“हे काय व?” मी विचारलं.

“बाहुल्याचं अंग,” बायको म्हणाली. “हातात घालून नाचवाचा बाहुला. डोकं सरनं करून पाठवलं. उद्या शाळा उघडते, आज मान बसवा लागते.”

सरनं. आलंच.

माझी बायको पोंभुर्णा तालुक्यातल्या एका लहानशा गावच्या शाळेत शिक्षिका आहे. मी बल्लारपूरच्या पेपर मिलमध्ये, म्हणून घर बल्लारपुरात, आणि ती रोज अपडाऊन करते. पूर्वी तिला बसस्टँडपर्यंत मी मोटारसायकलवर सोडायचो. मग तिच्या शाळेत हे सर बदलून आले. त्यांनी खोली केली ती बल्लारपुरातच, आणि त्यांच्याकडे निघाली कार. आता सकाळी कोपऱ्यावर हॉर्न वाजतो, बायको डबा घेऊन पळते आणि मी मोटारसायकल पुसत बसतो. त्या कारमध्ये आणखी दोन शिक्षिका असतात हे मला ठाऊक आहे. पण दारातून पाहताना मला फक्त स्टिअरिंगवरचे ते लांब लांब बोटांचे हात दिसतात.

सरांचं लग्न झालेलं आहे. बायको आणि मुलगी तिकडे सिरोंच्याकडे गावी असतात. ही चौकशी मी आधीच करून ठेवली होती, पण समाधान काही झालं नाही. मला ते भाऊजी म्हणतात. भाऊजी म्हटलं की म्हणणारा आपोआप भाऊ होतो, अशी बायकोची समजूत आहे. माझी नाही.

आमच्या घरात ‘सर’ हा शब्द मिठासारखा झाला होता. कुठल्याही बोलण्यात चिमूटभर पडायचाच. सरांना गाणी येतात, सरांना चित्रं येतात, सर गोंडी पोरांशी गोंडीत दोन शब्द बोलतात, सर डबा खाल्ल्यावर स्वतःचा डबा स्वतः धुतात. हे शेवटचं तर दोनदा ऐकवलं गेलं, दोन्ही वेळा मी जेवून उठत असताना.

बाहुल्याचं प्रकरण सुट्ट्यांच्या आधीपासून चालू होतं. शाळेत पहिला बाहुला होता वाघाचा. त्याचं डोकं नुसतं डिंकानं चिकटवलेलं. भर वर्गात वाघ डरकाळी फोडायला गेला आणि त्याचं डोकं उडून पहिल्या रांगेत पडलं. पहिलीतल्या एका पोरीनं असं भोकाड पसरलं की तिची आजी शेतातून धावत आली. आमच्याकडे वाघाचं नाव काढलं तरी माणसं धावतात. मग ठरलं की आता एक म्हातारा करायचा, जंगलात कसं वागावं ते पोरांना सांगणारा, आणि त्याची मान आतून दोऱ्यानं बांधून पक्की करायची. त्यावर सर म्हणाले म्हणे, “बांधायला ताकदीचा हात पायजे. भाऊजींना सांगा, ते मिलमधले आहेत.”

म्हणजे डोकं त्यांचं आणि हमाली माझी.

डोकं आदल्या दिवशीच आलं होतं. सर अजून गावीच होते, पण मान बसवून डिंक वाळायला वेळ मिळावा म्हणून त्यांनी ते एसटीच्या कंडक्टरच्या हाती पाठवलं. बायको बसस्टँडवर जाऊन घेऊन आली. कांदे आणायला जाते म्हणून गेली होती. कांदेही आणले होते, ते मी मान्य करतो.

तिनं पिशवीतून डोकं काढून माझ्या समोर ठेवलं. कागदाच्या लगद्याचं, मुठीएवढं. पांढऱ्या मिशा, वर चढलेल्या भुवया, जाड नाक, आणि ओठांच्या एका कोपऱ्यात हसू, असं की म्हातारा आता काहीतरी चावट बोलणार. मी ते फिरवून फिरवून पाहिलं. कुठं भेग, कुठं रंगाचा ओघळ, एखादा डोळा तिरपा. नाव ठेवायला जागा सापडेना. जळणाऱ्या माणसाला याहून मोठी शिक्षा नाही.

मी मिलमध्ये इतकी वर्षं काढली. लगद्याचे हौदच्या हौद पाहिले, त्याचा वास माझ्या कपड्यांतून जात नाही. त्यातून मुठीएवढा लगदा घेऊन कोणाचा चेहरा करावा हे मला एकदाही सुचलं नाही. ते सुचलं त्याला, ज्यानं आमच्या मिलचं फाटकसुद्धा आतून पाहिलेलं नाही.

“कशी केली मान?” बायकोनं कौतुकानं विचारलं. “पाहा ना, खाली कंगोरा पण काढला. दोरा घसरत नाई त्याच्यानं.”

डोक्याखाली बोटभर लांबीची पोकळ नळी होती, तीच मान. तिच्या खालच्या टोकाला बांगडीसारखी उंच कड. त्या कडेच्या वर कापडाचा गळा आवळून बांधला की डोकं ओढलं तरी निघत नाही. आणि नाचवणाऱ्याचं अंगठ्याजवळचं बोट त्या नळीत जातं, म्हणजे बोट हललं की म्हातारा मान हलवतो.

मी सहज त्यात बोट घातलं. दुसऱ्या पेरावर अडकलं.

“तुमचं नाई जात त्याच्यात,” ती म्हणाली. “माह्या मापाची आहे.”

“तू घाल बरं.”

तिनं हात पुसला, बोट घातलं. नळी पेरावरून अलगद गेली आणि बसली. सैल नाही, घट्ट नाही. म्हाताऱ्यानं माझ्याकडं पाहून मान डोलावली.

लग्नाच्या वेळी मी तिला अंगठी केली होती. चंद्रपूरचा सोनार म्हणाला, बोटाचं माप आणा. मी म्हटलं, मापाचं काय, बायकांची बोटं सारखीच असतात. अंगठी झाली ढगळ. तिच्या मावशीनं मागच्या बाजूनं दोरा गुंडाळून ती बसती केली, आणि तेव्हापासून ती दोऱ्यावरच आहे. तर ज्या बोटाचं माप नवरा असून मला जमलं नाही, ते या माणसाला सुताइतकं बरोबर कसं जमलं? माप असं हवेतून मिळत नाही. बोट धरावं लागतं. कागदाची पट्टी त्याच्याभोवती गुंडाळावी लागते, खूण करावी लागते, सैल झाली तर पुन्हा गुंडाळावी लागते. मला ती शाळेची खोली दिसायला लागली. खिडकीही दिसली. त्या शाळेत मी कधी गेलेलो नाही, पण खिडकी मला दिसली.

“सरनं माप कसं घेतलं?” मी विचारलं.

“घेतलं.”

“पण कसं?”

तिनं माझ्याकडं नीट पाहिलं. मग कुकरकडं वळली. “तुमीच सांगा कसं घेतलं असन.”

मी दोरा मागितला. तिनं चपला शिवायचा मेण लावलेला दोरा आणून ठेवला, डिंक ठेवला, आणि कशी बांधायची ते सांगितलं. अंग आधी उलटं करायचं, शिवण बाहेर. मग डोकं खाली करून त्या उलट्या अंगाच्या आत सोडायचं, इतकं की गळ्याचं भोक मानेच्या कडेशी यावं. मानेला डिंक, वरून कापड, त्यावर दोऱ्याचे वेढे आणि गाठ. मग अंग सुलटं केलं की गाठ आत जाते आणि बाहेरून काही दिसत नाही.

“सरनं सांगतलं,” तिनं जोडलंच. “चेहरा कोणीकडं येते तेवढं पाहाचं.”

“मले शिकवू नको,” मी म्हटलं. “गठ्ठे बांधण्यात जिंदगी गेली माही.”

तेवढं खरं होतं. आता मशीन पट्टी मारतं, पण मी लागलो तेव्हा पॅकिंगमध्ये सुतळी होती, आणि माझी गाठ सुटली असं आजवर कोणी म्हटलं नाही. मी डोकं उलटं करून शर्टात कोंबलं. डिंक फासला. दोऱ्याचे वेढे घालायला लागलो, आणि प्रत्येक वेढ्याला मनात एकेक गोष्ट येऊ लागली. कारचा हॉर्न. धुतलेला डबा. बसस्टँड आणि कांदे. जून महिन्यात तिनं दोन पोळ्या जास्त नेल्या होत्या त्या. दोरा माझ्या तळहातात रुतला तरी मी ओढत होतो. मराठीत मान दोन आहेत. ती मान डोक्याखाली असते, आणि तो मान चार लोकांत असतो. माझ्या हातात ती होती आणि डोक्यात तो. कोणाचा गळा आवळतो आहे हे मला नीट कळत होतं, आणि बरं वाटत होतं.

गाठ मारली, दातानं दोरा तोडला, अंग सुलटं केलं आणि बाहुला तिच्या पुढ्यात ठेवला. डोकं धरून ओढून पाहा म्हटलं.

तिनं पाहिलं आणि खाली बसून हसायला लागली. पदर तोंडात घालून हसत होती.

“काऊन?”

“बटनं पाहा.”

बटणं पाठीवर होती. म्हणजे बटणं जागच्या जागीच होती, म्हाताऱ्याचं तोंड पाठीकडं गेलं होतं. उलट्या कापडात उलटं डोकं घालताना समोरचं मागं होतं, आणि मी तेवढंच पाहिलं नव्हतं. माझ्याच शर्टात तो माणूस माझ्याकडं पाठ करून उभा होता आणि तिच्याकडं पाहून मिशीत हसत होता.

तिनं तो तसाच हातात घातला. आमच्या भागात मोहफुलं वेचायला, सरपण आणायला जंगलात जाणारी माणसं डोक्यामागं मुखवटा बांधतात. वाघ मागून येतो. मागंही चेहरा दिसला की त्याला वाटतं, माणूस आपल्याकडंच पाहतो आहे. बायकोनं बाहुल्याला त्याच्या मागच्या तोंडानं बोलायला लावलं, घोगऱ्या म्हाताऱ्या आवाजात.

“काऊन जी, मागून वाघ येऊन राह्यला काय? मागंच पाहून राह्यले तुमी. समोरचं काई दिसत नाई काय तुमाले?”

“सोड ते,” मी म्हटलं. “काढून पुन्हा बांधतो.”

आपली गाठ आपल्याच हातानं कापायची वेळ माझ्यावर पहिल्यांदा आली. कापतानाही ती सहज कापली जात नव्हती, इतकाच काय तो दिलासा. डिंक अजून ओला होता. मी कापड सोडवलं, मान पुसली, डोकं फिरवलं, या वेळी काजपट्टी आणि नाक एका रेषेत आहे ना ते दोनदा पाहिलं. बायको समोर बसून कापड ताणून धरत होती. तिचे दोन्ही हात माझ्या नाकासमोर होते. ते हात मी पाहत होतो असं मला वाटत होतं.

दुसऱ्यांदा बांधलेली गाठ जेमतेम पुरी होते तोच दारात आवाज आला.

“जयभीम, भाऊजी.”

सर. गावाहून आले होते, खांद्यावर बॅग, पायांवर प्रवासाची धूळ. खोलीवर न जाता आधी आमच्याकडं आले, ही नोंद माझ्या डोक्यानं लगेच घेतली. बायकोनं पाणी दिलं. सरांनी बाहुला उचलला, अंगाच्या आत बोट घालून गाठ चाचपली, डोकं धरून चांगलं ओढलं. डोकं हललं नाही.

“भाऊजी, याला म्हणतात गाठ,” ते म्हणाले. “माझ्याच्यानं झाली नसती.”

मला बरं वाटलं, आणि बरं वाटलं याचाच राग आला. मी म्हटलं, चहा घ्या. ते म्हणाले, नाही, दमलो आहे, एवढी वस्तू द्यायला आलो. आणि त्यांनी शर्टाच्या वरच्या खिशातून, डाव्या, छातीवरच्या खिशातून, कागदाची पुडी काढली. ती उलगडून माझ्या बायकोसमोर धरली.

पुडीत माझी अंगठी होती.

म्हणजे तिची. म्हणजे मी केलेली.

“कंडक्टरच्या हाती सोनं कसं पाठवू, म्हणून सोबतच ठेवली,” सर म्हणाले. “दोरा मात्र माझ्या लगद्याच्या हातानं भिजून सुटला, मॅडम.”

माझी अंगठी त्यांच्या छातीवर गावभर फिरून आली होती. मी बायकोकडं पाहिलं. ती शांतपणे सरांनाच म्हणाली, “यायले सांगा जरा, माप कसं घेतलं ते. सकाळपासून इचारून राह्यले.”

सरांना बिचाऱ्यांना काहीच कळलं नव्हतं. ते हौसेनं सांगू लागले. लगद्याची मान वाळायला दोन-तीन दिवस लागतात, तोवर कोणी बोट धरून बसू शकत नाही. म्हणून बांबूची कांडी घ्यायची, जिच्यावर त्या माणसाची अंगठी नेमकी बसेल अशी, आणि मान त्या कांडीवर वळायची. सुट्ट्या लागण्याच्या दिवशी त्यांनी माप मागितलं, तर मॅडमनी अंगठीच काढून दिली. “बोटाला हात लावायचं कामच नाही, भाऊजी,” ते म्हणाले, आणि खरोखर मला शिकवायचं म्हणून म्हणाले. मग बॅग उचलली, उद्या सकाळी नेहमीच्या वेळेला येतो म्हणाले आणि गेले.

घरात कुकरची वाफ तेवढी राहिली. मला हलकं वाटायला हवं होतं. वाटलंही, चहा उकळायला लागतो तेवढा वेळ. मग ते दुसरं ध्यानात आलं. अंगठी सुट्ट्या लागल्या त्या दिवसापासून तिच्या बोटात नव्हती. त्या सगळ्या सुट्ट्यांत, मिलची पाळी सोडली तर, मी घरातच होतो. तिनं चिवडा केला, मला वाढलं, माझ्या डोक्याला तेल लावलं, आज सकाळी माझ्यासमोर त्या मानेत बोट घातलं, आत्ता माझ्या नाकासमोर कापड धरलं. वर्षभर फोन कोणाचा आला, हॉर्न किती वेळ वाजला, पोळ्या किती गेल्या, हे सगळं मी पाहिलं. तिचं मोकळं बोट मला दिसलं नाही.

तिनं कुकर उतरवून ठेवला. टोचून बोलली असती तर मी भांडलो असतो, सोपं झालं असतं.

मी मेणाचा उरलेला दोरा घेतला आणि अंगठीच्या मागच्या बाजूला गुंडाळायला बसलो. एकेक वेढा शेजारी शेजारी. गठ्ठ्याची गाठ नव्हे, बारीक काम होतं, माझ्या बोटांना सवय नव्हती. झाल्यावर म्हटलं, “आण इकडं हात.”

तिनं उजवा हात पुढं केला. मी तिच्या करंगळीशेजारच्या बोटात अंगठी सरकवली. ती गरगर फिरली आणि खाली पडली.

तिनं डाव्या हातात बाहुला चढवला. डिंक ओला होता, पण गाठ भक्कम होती. म्हाताऱ्यानं एकदा अंगठीकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं, आणि नकारार्थी मान हलवली.

“त्या बोटात नाई जी,” तो हळूच म्हणाला. “त्या बोटात ते कधीच राह्यली नाई. लग्नाच्या दुसऱ्याच महिन्यापासून ह्या बोटात आहे.”

आणि तिनं मला बोट दाखवलं. अंगठ्याजवळचं. ज्या बोटानं आपण कोणाकडं तरी दाखवतो ते.

मी त्या बोटात अंगठी घातली. नेमकी बसली. सैल नाही, घट्ट नाही. हे बोट मला ठाऊक नव्हतं आणि सिरोंच्याच्या त्या माणसाला ठाऊक होतं, हे काही केल्या माझ्या घशाखाली उतरेना. अजून उतरलेलं नाही.

म्हातारा आता शाळेत चांगला रुळला आहे. पोरं त्याला आजोबा म्हणतात, त्याची मान अजून जागच्या जागी आहे, आणि गाठ कोणाची ते बायको सगळ्यांना सांगते. तो उजव्या हातात चढवायचा तर अंगठी काढावी लागते, कारण मानेत बोट आणि अंगठी दोन्ही मावत नाहीत. घरी सराव करते तेव्हा ती अंगठी काढून माझ्या तळहातावर ठेवते, आणि मी मूठ मिटून समोर बसून राहतो.

शाळेत ती अंगठी कोणाजवळ देते, हे मी अजून विचारलेलं नाही.